दोघींचा मंगळवार

रतनबाईच्या घरात वार न धरलेलं माणूस सापडायचं नाही. रतनबाईचा स्वतःचा मंगळवार, योगेश्वरीचा. तो तिनं कधी धरला हे तिच्या लेकरांनाही सांगता यायचं नाही. त्यांना कळायला लागलं तेव्हापासून आई मंगळवारी चुलीपुढं बसून सगळ्यांना भाकरी वाढायची आणि आपण मूठभर भगरीवर राहायची. लेक रामेश्वर शनिवारी मारुतीला तेल घालायचा, तेही आईच्या धाकानं. आणि सून राजनंदिनी माहेराहून येताना सोमवार घेऊनच आली होती. "बाकी काय आणलं न्हाई तरी वार आणलाय पोरीनं," असं रतनबाई बायकांत सांगायची. त्यात टोमणा चिमूटभर आणि कौतुक ओंजळभर असायचं.

तेलगावच्या पुढं, कालव्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. थोडा ऊस, थोडा कापूस, आणि खरा संसार शेळ्यांवर. रतनबाईचा नवरा सटवा शेळ्यांमागं फिरता फिरताच गेला, तेव्हापासून काठी रामेश्वराच्या हाती आली.

राजनंदिनीचं पहिलं लेकरू अंजू. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात ती झाली तेव्हा राजनंदिनीचं रक्त थांबेना. रामेश्वर रक्ताच्या पिशव्यांसाठी जिने चढत-उतरत होता, रतनबाई दाराशी बसून देवीचं नाव घेत होती, आणि राजनंदिनीला वरचा पंखा घडीत दिसत होता, घडीत दिसत नव्हता. देवीच्या कृपेनं आणि दवाखान्यातल्या माणसांच्या हातगुणानं ती वाचली. हे दोन्ही उपकार ती नेहमी एका दमात सांगायची. घरी सोडताना डॉक्टरबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता पाळणा लांबवायचा, बाळ. तीन वर्षं तरी दुसरं नको. अंगात रक्त भरू दे. एवढ्यात दिवस गेले तर पुढच्या खेपेला आमच्याही हातात काही राहणार नाही."

तिथल्या नर्सनं तांबी बसवू का म्हणून विचारलं होतं. पण राजनंदिनीला त्या वेळी कुणी अंगाला हात लावलेला सोसत नव्हता. तिनं मान हलवली, आणि तो विषय तिथंच राहिला.

अंजू रांगायला लागली तसा तो विषय पुन्हा उभा राहिला. राजनंदिनी अजून अंगावर पाजत होती, पाळी आली नव्हती. पण वस्तीवरच्या बायका म्हणायच्या की पाळी नसतानासुद्धा राहतं, कळतसुद्धा नाही. अंजूला मांडीवर घेतलं की राजनंदिनीला डॉक्टरबाईंचं वाक्य आठवायचं. पोरीनं पदर धरून ओढला की तिच्या मनात यायचं. आपण गेलो तर हा पदर कुणाचा असंल?

शेवटी तिनं आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्तीला, संगीताला, निरोप धाडला. संगीता वस्तीवर यायची ती सायकलीवरून, कॅरेजला पिशवी बांधून. रतनबाई पाण्याला गेलेली बघून दोघी शेवग्याखाली बसल्या. रामेश्वर शेळीच्या खुराला औषध लावत होता, त्यालाही संगीतानं हाक मारून बसवून घेतलं.

"डॉक्टर काय म्हणले हुते?"

"पाळणा लांबवा म्हणल्या," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"लांबवलाय की," रामेश्वर झोळीकडं बोट दाखवून म्हणाला. "दोरी हातभर सोडली. आता अंजूचे पाय भुईला लागायलेत."

तो थट्टा करतोय की खरंच बोलतोय, हे संगीताला कळेना. तिनं पदर तोंडाला लावला. "अवो दाजी, दोरी न्हाई लांबवायची. दुसरं लेकरू लांबवायचं."

"ते व्हय," म्हणून तो कान खाजवत बसला.

संगीतानं पिशवीतून एकेक वस्तू काढून समोर मांडली, जशी बाजारात बांगडीवाली मांडते. रोजच्या गोळ्या होत्या. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन होतं, त्याचा कागद. तांबीचं चित्र. पुरुषांसाठी निरोध.

"ह्ये म्हंजे शेळी गाभ जाऊ नये म्हणून बोकडाच्या पोटाला आपण गोणपाट बांधतो तसंच झालं," रामेश्वर म्हणाला.

"तसंच म्हणा. फरक एवढाच, बोकड लाजत न्हाई."

राजनंदिनी हसली, पण तिचा जीव कशावरच बसेना. तांबीची तिला भीती. इंजेक्शनाचं तर दवाखान्यापासून नाव नको. रोजची गोळी? पाजत्या बाईला ती आत्ता नको, असं संगीताच म्हणाली. मग तिनं गोळ्यांची एक लहानशी पट्टी वर काढली.

"ही छाया. दूध आटत न्हाई, पाजणारीला चालती. रोज न्हाई घ्यायची. सुरुवातीला आठवड्यातनं दोनदा, तीन महिने. पुढं आठवड्याला एक."

नावच छाया. उन्हातान्हात शेळ्यांमागं फिरणाऱ्या घराला सावलीपेक्षा गोड नाव कुठलं असणार? राजनंदिनीनं पट्टी तळहातावर घेतली.

"इसरले तर?"

"इसरशील कशी? तू सोमवार इसरतीस का कधी? तसाच ह्यो वार धरायचा, बाई. पाळी आली की वार धरायचा, दुसरं काय न्हाई."

त्या एका शब्दानं राजनंदिनीचा जीव भांड्यात पडला. वार धरायचा! हे तर तिला येत होतं. वाराला काय लागतं ते तिला आईनं शिकवलं होतं: डोक्यावरून पाणी, स्वच्छ लुगडं, देवापुढं संकल्प, आणि मग मोडायचा नाही म्हणजे नाही. उपकेंद्रात जाऊन तिथल्या डॉक्टरांकडून तिनं तपासून घेतलं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री झाली, आणि ते म्हणाले, छाया चालेल. येताना तिनं तेलगावात लाल कापडाचा तुकडा घेतला. पट्टी त्यात गुंडाळली आणि देव्हाऱ्यात टाकांच्या मागं ठेवली. वाराची वस्तू तिथंच शोभते, असं तिला मनापासून वाटलं.

रतनबाईच्या नजरेतून देव्हाऱ्यातली काडीसुद्धा सुटायची नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "ही तांबडी पुडी कशाची गं, नंदे?"

सासूला ती आत्या म्हणायची. "वार धरायचाय, आत्या. तेची हाय."

"आणिक एक?" रतनबाईचा चेहरा फुलला. "धर माय, धर. पोरासाठी का?"

राजनंदिनीनं खाली बघितलं. खाली बघणं म्हणजे होकार, असाच त्या घरातला रिवाज. रतनबाईनं पुडीला हळदीकुंकू वाहिलं आणि पुन्हा तिला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या केसरबाईला कळलं होतं की रतनबाईची सून पोरासाठी वार धरतेय. राजनंदिनीनं त्या रात्री ताट अर्ध्यावर सरकवलं. आयुष्यात तिनं देवाच्या नावानं खोटं काही केलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात पाळी आली, अंजूनंतरची पहिली. आली ती शनिवारी. त्या घरात पाळीची बाई चार दिवस बाजूला बसायची, पडवीच्या टोकाला. देव्हारा लांब, चूल लांब. राजनंदिनीला त्याचं काही वाटायचं नाही. तेवढाच पाठीला आराम. ती निवांत बसून अंजूला खेळवत राहिली आणि हिशेब करत राहिली. पाचव्या दिवशी नाहायचं. मग येणाऱ्या सोमवारी उपवास धरून, देवापुढं दिवा लावून पहिली गोळी घ्यायची. महादेवाचा वार आणि आपला वार एकच. किती छान जमलं, म्हणून तिनं मनातल्या मनात हात जोडले.

बुधवारी ती नाहून केस वाळवत होती तेव्हा संगीताची सायकल आली.

"आली म्हणं पाळी? घेतली न्हवं गोळी?"

"सोमवारी घेणार हाय की."

संगीतानं सायकल भिंतीला टेकवली. "सोमवारी? कावून सोमवारी?"

"तुमीच म्हणले न्हवं, पाळी आली की वार धर. मग नाहाया नको का? विटाळात वार कसा धरावा, ताई?"

संगीता भुईवर बसली. तिनं कपाळाला हात लावला, आणि मग हसू आणि रडू यांच्या मधलं काहीतरी तिच्या तोंडावर आलं. "अगं माय, पाळी आली की म्हंजे आली त्याच दिवशी! पहिल्या दिवशी पहिली गोळी. चौथ्या दिवशी दुसरी. जो वार निघंल त्यो आपला वार. माजीच चूक गं. मीच वार वार करत बसले. तुज्यासारखीला वार म्हणल्यावर तू काय करणार?"

संगीतानं तिथूनच उपकेंद्रात फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुढच्या पाळीची वाट बघा, तोवर निरोध वापरा, आणि पाळी लांबली तर तपासून घ्या.

महिना जड गेला. रामेश्वर शहाणा माणूस, बायकोच्या जिवापुढं त्यानं लाज बाजूला ठेवली. पण एकदा डबी संपली, मेडिकलवाला त्याच्याच शाळेतला निघाला, आणि तो रिकाम्या हातानं परत आला. त्या रात्री जे नको व्हायला ते झालं. सकाळी दोघंही एकमेकांकडं बघेनात. दुसऱ्या दिवशी तो माजलगावला जाऊन, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं तिथून डबी घेऊन आला. पण झालेलं झालं होतं.

आणि मग पाळीचा शनिवार आला, गेला. पाळी आली नाही. रविवार गेला.

रतनबाईची नजर सुनेच्या बसण्याउठण्यावर. सोमवारी तिनं अंजूला काखेत घेतलं आणि हसत हसत म्हणाली, "वार धरायच्या आधीच पावली का काय गं माजी योगेश्वरी!"

राजनंदिनीच्या हातातली परात खाली पडली. त्या दिवशीचा उपवास तिनं पाण्यावर काढला. महादेवापुढं दिवा लावला, पण मागायला शब्द सापडेना. लेकरू नको, हे देवाला कोणत्या तोंडानं सांगावं? ज्यांना नाही त्या बाया मंदिराच्या पायऱ्या झिजवतात. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, अंजूचा पदर तेवढा राहू दे. संगीतानं बुधवारी उपकेंद्रात यायला सांगितलं होतं.

मंगळवारी, कोंबडं आरवायच्या बेताला, ती गोठ्यामागं गेली आणि तिथंच तिला कळलं. पाळी आली होती. गोठ्याच्या कुडाला डोकं टेकून ती हसली, रडली, पुन्हा हसली. एक शेळी मान वर करून तिच्याकडं बघत राहिली. "बघती काय," ती शेळीला म्हणाली, "वाचले मी."

आणि मग तिच्या ध्यानात आलं. आजच. गोळी आजच घ्यायची. आणि गोळी देव्हाऱ्यात.

रामेश्वर आदल्या दिवशी बोकडं घेऊन पाहुण्याच्या गाडीतून परळीकडं गेला होता, उद्याशिवाय येणार नव्हता. संगीता दिवसभर बीडला, कसल्याशा ट्रेनिंगला. घरात राहिली रतनबाई, आणि तिचा तर आज वार. न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून ती देव्हाऱ्यापुढं बसली होती. उदबत्तीचा वास पडवीपर्यंत येत होता.

राजनंदिनी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. स्वतः आत जावं? विटाळात देव्हाऱ्याला शिवायला मन धजेना. पण मागच्या खेपेला विटाळ सरायची वाट बघितली म्हणून महिना वाया गेला, जीव टांगणीला लागला. आणि नुसती पुडी मागितली तर? आत्या विचारणारच. आता पुन्हा खाली बघायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"आत्या."

"कडेला बसलीस का?" रतनबाईनं मागं वळून बघितलं. तिच्या आवाजातला उत्साह एकदम उतरला. "असू दे, माय. देवाची मर्जी. पुढच्या महिन्यात."

"आत्या, ती तांबडी पुडी मला द्या. आजच लागती."

"खुळी का काय? विटाळात वार धरत्यात का?"

"ह्यो धरत्यात." राजनंदिनी थांबली नाही. "त्यात गोळ्या हायेत, आत्या. पोरासाठी न्हाईत. पोर व्हऊ नये म्हणून हायेत. तीन वर्षं. डॉक्टरबाई म्हणल्या तेवढी. मी तुमाला खोटं बोलले न्हाई, पण खरंबी बोलले न्हाई. देवाच्या पुढं ठेवलं आणि तुमाला सांगितलं न्हाई, तेचं पाप मला लागू दे. पर गोळी द्या. मला अंजूला सोडून जायचं न्हाई."

रतनबाईनं देव्हाऱ्याकडं तोंड फिरवलं. उदबत्तीची राख वाकली आणि पडली. झोळीत अंजू कुरकुरली.

मग रतनबाईनं हात लांब करून टाकांमागची पुडी काढली. लाल कापड सोडलं. पट्टी डोळ्यांजवळ नेऊन बघितली, पालथी केली, पुन्हा बघितली.

"एवढुशी हाय?"

"व्हय."

"हिनं राहत न्हाई?"

"वार चुकवला न्हाई तर न्हाई राहत म्हणत्यात."

रतनबाई उठली. तांब्यात पाणी घेतलं, उंबऱ्यापर्यंत आली, आणि आतल्या बाजूला खाली बसली. मध्ये उंबरा, अलीकडं सून, पलीकडं सासू.

"माजा ह्यो मंगळवार कशाचा हाय, म्हाईत हाय का तुला?"

"अंजूच्या पप्पासाठी धरलता म्हणत्यात. पोरासाठी."

"म्हणत्यात." रतनबाई हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "रामेश्वराच्या पाठीवर तीन झाली मला. वरसाला एक. दोन गेली, एक लेक राहिली. एक अंगावरचं सुटायच्या आत दुसरं पोटात. शेळीचं आटलं तर दोन महिने इसावा देतो आपण, मला कुणी दिला? कुणाला बोलावं? तुजा सासरा वाईट नव्हता, पर त्येला काय कळतंय. मग मी मंगळवार धरला. सासू समद्यांला सांगत फिरली, सून आणिक पोरासाठी वार करायली. मी खाली बघितलं. आणि देव्हाऱ्यापुढं बसून म्हणायची, माय योगेश्वरी, तू कुमारिका, तरी तुला कळंल. आता माज्या पोटाला कुलूप लाव."

राजनंदिनी उंबऱ्याजवळ सरकली.

"मग? ऐकलं का देवीनं?"

"ऐकलं की." रतनबाईनं पट्टीवरची एक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढली. "उशिरा ऐकलं, एवढंच. मला नुसता वार दिला. तुला वाराबरोबर गोळी धाडली. घे."

तिनं गोळी वरून सोडली नाही. विटाळ असूनही तिनं ती राजनंदिनीच्या तळहातावर ठेवली, बोटं तळहाताला टेकवून. मग स्वतःच्या बोटांकडं बघून म्हणाली, "नाहीन पुन्हा. पाणी काय कालव्यात कमी हाय का?"

राजनंदिनीनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. उंबऱ्यापलीकडं, लांब, टाकांवर दिव्याचा उजेड हलत होता. तिनं तिथूनच हात जोडले. देवीला जोडले की सासूला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुसरी गोळी होती. मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही देवीचे. राजनंदिनीला सोमवार हवा होता. योगेश्वरीनं दोन्ही वार आपल्याकडं घेतले. संगीता आली तेव्हा रतनबाईनं तिला उभ्या उभ्या जाब विचारला.

"काय गं, तुज्या गोळीत मीठ न्हाई न्हवं? माजी सून उपासाची हाय."

"न्हाई, रतनआक्का. उपासाला चालती. निर्जळीला तेवढं घोटभर पाणी घ्यावं लागंल."

"औषधाच्या पाण्यानं उपास मोडत न्हाई," रतनबाईनं निकाल दिला. "आणि एखादी पाळी पुढंमागं झाली तर?"

"व्हती सुरुवातीला ह्या गोळीनं. लई लांबली तर तपासायचं, घाबरायचं न्हाई. आणि गोळी चुकली तर लगेच मला सांगायचं."

"चुकतीया कशी?" रतनबाई म्हणाली, आणि कमरेची चंची सोडली. पानसुपारीच्या कप्प्यामागच्या कप्प्यात, लाल कापडात, पट्टी. "देव्हाऱ्यात ठेवली की हिला अडचण. म्हणून इतं ठेवली. मला आता विटाळ न्हाई का काय न्हाई. माज्या कमरेला हाय तोवर हिला कुठल्याबी दिवशी मिळंल."

केसरबाईनं कुंपणावरून विचारलं, "काय गं रतने, सुनंचा वार कसा चाललाय? पावली का देवी?"

रतनबाईनं या खेपेला खाली बघितलं नाही. "पावली," ती मोठ्यानं म्हणाली. "लई पावली. सून धडधाकट हाय माजी. तुज्या सुनंलाबी धाड, सांगते कसा धरायचा."

तीन महिने झाले, शुक्रवार सुटला, मंगळवार राहिला. आता त्या घरात मंगळवारी दोघी भगर खातात. सोमवार राजनंदिनीनं सोडला नाही, तो महादेवाचा तसाच आहे. मंगळवारी सकाळी रतनबाई न्हाऊन येते, दिवा लावते, चंची सोडते. आधी गोळी निघते, मग पान. अंजू हल्ली झोळीत मावत नाही. तिचे पाय खरोखरच भुईला लागतात, आणि आजी चंची सोडायला लागली की ती रांगत येऊन हात पसरते, तिलाही काहीतरी मिळेल म्हणून. रतनबाई तिच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवते.

"तू मोठी व्हऊन तुजा वार तू धर," ती म्हणते.